पिकलं पान आणि कीड लागलेलं पान

फाल्गुन लागला की विहारासमोरचा पिंपळ पिवळा पडायला लागतो. सकाळी ओटा झाडून काढला तरी दुपारपर्यंत पुन्हा पानांचा थर साचतो. पुढे १४ एप्रिल जवळ येतो, पोरं निळे झेंडे बांधायला जमतात, तेव्हा त्याच पिंपळाला तांबूस कोवळी पालवी फुटलेली असते.

त्या ओट्यावर बसणाऱ्या आज्या-आजोबांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : "आम्ही आता पिकली पानं. आज ना उद्या गळायचीच." हे वाक्य अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यामुळे आपल्या घरातली माणसं विनाकारण आंधळी होतात, पडून जायबंदी होतात, कधी वेळेआधी जातातही.

आधी खरं ते पाहू. पान पिकतं म्हणजे काय होतं? गळण्याआधी झाड पानातलं बरंचसं पोषण परत आत ओढून घेतं. हिरवा रंग विरतो आणि आधीपासून पानातच असलेला पिवळा रंग दिसू लागतो. देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो, तिथून पान अलगद सुटतं आणि खालची जागा झाड बंद करून घेतं. हिरवं पान ओरबाडलं तर फांदीला जखम होते. पिकलेलं पान गळण्याची तयारी मात्र झाडाने आधीच केलेली असते. अनित्यता समजायला याहून सोपा धडा नाही.

धम्मपदातल्या मलवग्गाची सुरुवातच पिवळ्या पानाच्या उपमेने होते. ती उपमा हातपाय गाळून बसण्यासाठी दिलेली नाही. उरलेल्या वेळात जागे व्हा, स्वतःचा आधार स्वतः व्हा, हा तिचा रोख आहे. तथागत स्वतः ८० वर्षं जगले. आपलं शरीर जुन्या, दोऱ्यांनी बांधून चालवलेल्या गाडीसारखं झालंय, असं त्यांनी आनंदाला मोकळेपणाने सांगितलं. पाठ दुखली की ते आडवे होत आणि उपदेशाचं काम शिष्यावर सोपवत. दुखणं सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

म्हातारा, आजारी आणि मृत माणूस पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही गोष्ट बाबासाहेबांना पटली नव्हती. २९ वर्षांच्या माणसाने तोवर हे पाहिलंच नसेल का, हा त्यांचा प्रश्न 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आहे. म्हातारपण हे भिऊन पळण्याचं कारण नाही आणि मागच्या जन्मीच्या पापाचं फळही नाही. दुःख आहे तर त्याचं कारण शोधा आणि उपाय करा, ही आपली शिकवण आहे.

आता वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याकडे येऊ. पान पिवळं दिसलं म्हणून ते पिकलंच असं नाही, कीड लागूनही पान पिवळं पडतं. केस पांढरे होणं, कातडी सैल पडणं, चाल थोडी मंदावणं, हे वयाचं. पण पुढच्या गोष्टींना "वय झालं, चालायचंच" म्हणू नका.

नजर धूसर होणं : बहुतेक वेळा हा मोतीबिंदू असतो. तो पिकेपर्यंत थांबायची गरज नाही. रोजच्या कामाला अडचण येऊ लागली की तपासून घ्या. शस्त्रक्रिया छोटी असते आणि सरकारी रुग्णालयांत मोफत होते.

तोल जाणं, पडणं : कारण बीपीच्या गोळीत, नजरेत किंवा अशक्तपणात असू शकतं. संडासच्या वाटेवर रात्री दिवा ठेवा, मोरीतलं शेवाळ घासून काढा, उंबऱ्याजवळ धरायला काहीतरी लावा. खुब्याचं हाड मोडलं की चालतं माणूस अंथरुणाला खिळतं.

एकाएकी बरळणं, माणसं न ओळखणं : दोन दिवसांत असा बदल झाला तर तो म्हातारचळ समजू नका. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, साखर उतरणं, यापैकी काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोबडं बोलणं : हा लकवा. तेल चोळत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

जेवण तुटणं, गप्प बसून राहणं : दात, कवळी, तोंडातले फोड पाहा. मनही दुखत असतं, त्यावरही उपचार आहेत. वरणाचं घट्ट पाणी, अंडं, सुकट, मऊ भात, असं थोडं थोडं चारा.

वर्षावासात आणि पौर्णिमेला उपोसथ पाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना दुपारनंतर जेवलं नाही तर साखर धोकादायक उतरू शकते. आधी डॉक्टरांना विचारा. देह झिजवण्याचा मार्ग तथागतांनीच सोडला होता, त्यामुळे गोळी आणि घास वेळेवर घेतल्याने शील मोडत नाही.

७० वर्षांवरच्या सर्वांना आता आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट नाही. ऑक्टोबर २०२४ पासून योजनेतल्या रुग्णालयात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली आहे. आजी-आजोबांचं आधार कार्ड घेऊन वय वंदना कार्ड काढून घ्या. वस्तीतल्या आशाताई वाट दाखवतील.

१९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा घेतली तेव्हा बाबासाहेब ६५ वर्षांचे होते. मधुमेहाने शरीर पोखरलं होतं, पाय साथ देत नव्हते, नजर मंदावली होती. आधार घेऊन ते उभे राहिले आणि लाखोंना नवी वाट दिली. पिकण्याच्या वयातही माणूस किती देऊन जाऊ शकतो, हे आपण तिथून शिकायचं.

म्हणून येत्या रविवारी वंदना झाली की ओट्यावरच्या आजीजवळ पाच मिनिटं बसा. "जय भीम आजी, बरं आहे ना?" एवढ्यावर उठू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख दिसते का, रात्री किती वेळा उठता, मागच्या महिन्यात कुठे पडलात का, गोळ्या संपल्या का, हे विचारा. पान पिकलं असेल तर त्याला त्याच्या वेळेने, अलगद सुटू द्या. कीड लागली असेल तर ती वेळीच ओळखणं आपलं काम आहे.