सरकारची ओवाळणी

सरकारचा हात म्हणजे घेणारा हात, अशी आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत. तो उलटा होऊन द्यायला लागला तर माणूस प्रथम दचकतो आणि मग रांगेत उभा राहतो. तैवानमध्ये १८ जानेवारी २००९ रोजी नेमके असेच घडले. चिनी नववर्षाचा सण आठ दिवसांवर आला होता आणि मतदानासारखी केंद्रे मांडून सरकार माणशी ३,६०० तैवानी डॉलरच्या चिठ्ठ्या वाटत होते. पाचशेच्या सहा, दोनशेच्या तीन. गरीब-श्रीमंत भेद नाही. तान्ह्या बाळाच्या नावावरही तेवढ्याच! पाच माणसांच्या घरात एका दिवसात अठरा हजार.

हे औदार्य सुचले ते संकटामुळे. जगभरच्या मंदीने तैवानचा माल परदेशी कोणी घेईना. डिसेंबर २००८ मध्ये निर्यात आदल्या वर्षाच्या मानाने चाळीस टक्क्यांहून अधिक घसरली. बाहेरचे गिऱ्हाईक गेले, तेव्हा घरचे गिऱ्हाईक उभे करावे, हा विचार. पण मग रोकडच का दिली नाही? कारण घाबरलेला माणूस रोकड डब्यात ठेवतो. चिठ्ठी बँकेत भरता येत नव्हती, दुकानदार तिच्यावर सुटे परत देत नव्हता आणि ३० सप्टेंबरनंतर ती नुसता कागद होणार होती.

युक्ती मोठी नामी, पण गृहिणी ही अर्थमंत्र्यापेक्षा हुशार असते, हे तिथेही दिसलेच. तांदूळ, तेल, मुलांचे कपडे ही खरेदी तर एरवीही व्हायचीच. ती चिठ्ठ्यांवर उरकली आणि पगारातले तेवढेच पैसे शिल्लक पडले. म्हणजे चिठ्ठी खर्चली गेली, आणि बचत व्हायची ती झालीच! मागणीत भर पडली खरी, पण सरकारच्याच मागाहूनच्या हिशोबात ती आधीच्या अपेक्षेहून कमी भरली. मला यात लोकांचा दोष मुळीच दिसत नाही. उद्या नोकरी राहील की नाही याची धास्ती असलेल्याने चार पैसे मागे टाकले, तर त्याला अडाणी म्हणायचे की शहाणा?

पुढे २०२० मध्ये करोनाच्या साथीत चिठ्ठ्या पुन्हा आल्या. या खेपेस हजार भरा आणि तीन हजारांच्या न्या! ज्याच्या हाताला कामच नाही त्याने हे हजार आणायचे कोठून, अशी टीका झाली. २०२१ मध्ये पाच हजारांच्या चिठ्ठ्या निघाल्या, त्या मात्र फुकट.

आणि २०२३ मध्ये चिठ्ठीच गेली. आदल्या वर्षी कर अंदाजापेक्षा बराच जास्त गोळा झाला होता. त्यातून माणशी सहा हजार डॉलर रोख देण्यात आले. मुदत, सुटे, दुकान, कसलीच अट नाही. कोणी बँकेच्या खात्यात घेतले, कोणी यंत्रातून काढले, तर कोणी टपाल कचेरीच्या खिडकीवर उभे राहून मोजून घेतले.