वेगवान गाडीचे ब्रेक : आधी काय बदलावे, शेवटी काय बदलावे

मोटार दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांपुढे अधूनमधून एक वेगळे गिऱ्हाईक येऊन उभे राहते. गाडी दोन दरवाजांची, ठेंगणी, दणकट इंजिनाची. मालक तरुण आणि हौशी. त्याचे म्हणणे एकच असते, "मिस्त्री, गाडी पळते झकास, पण वेगात ब्रेक पुरत नाहीत. मोठे ब्रेक बसवून टाका, पैशाची फिकीर करू नका." असे गिऱ्हाईक कोणाला नको? पण या कामात चूक राहिली तर तिची भरपाई पैशाने होत नाही. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

कोल्हापूरला हा विषय परका नाही. येथील मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत वाहनांचे ओतीव भाग तयार होतात. शिवाय कोकणात उतरायचे तर आंबा, करूळ किंवा फोंडा घाट आहेच. ब्रेकची खरी परीक्षा कशी होते, हे आपल्या चालकांना वेगळे सांगायला नको.

वेग दुप्पट, काम चौपट

प्रथम मुळातली गोष्ट. ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाचे उष्णतेत रूपांतर करणारे साधन. वेग दुप्पट झाला की ही उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. ताशी ५० किमी वेगाची गाडी चांगल्या टायरवर, कोरड्या डांबरावर, ब्रेक लागल्यापासून सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. तीच गाडी ताशी १०० किमीवर असेल तर सुमारे ४९ मीटर लागतात. पाय पेडलवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर आणखी २८ मीटर त्यात मिळवावे लागतात.

उष्णतेचा हिशोबही पाहू. १,००० किलो वजनाची गाडी ताशी १०० किमीवरून थांबवली आणि सुमारे ७० टक्के काम पुढच्या ब्रेकने केले असे धरले, तर पुढची ५ किलोची प्रत्येक डिस्क एका ब्रेकमध्ये जवळजवळ ६० अंशांनी तापते. एकदा थांबून भागले तर काहीच बिघडत नाही. पण ट्रॅकवर किंवा घाटात डिस्क थंड होण्याआधी दुसरा, तिसरा, दहावा ब्रेक लागतो. ताशी २०० किमीवरून थांबायचे असेल तर एका ब्रेकमध्येच सुमारे २४० अंश. 'वेगात ब्रेक पुरत नाहीत' या तक्रारीचे मूळ येथे आहे. बहुतेक वेळा कमतरता जोराची नसते, उष्णता सोसण्याच्या ताकदीची असते.

ब्रेक चाक थांबवतो, गाडी टायर थांबवतो

गिऱ्हाइकाला ही गोष्ट आधीच स्पष्ट सांगावी. जोरात पेडल दाबल्यावर चाके जाम होत असतील किंवा एबीएस चालू होत असेल, तर ब्रेकचा जोर पुरेसा आहे. टायरची पकड संपली आहे. अशा गाडीला दुप्पट आकाराची डिस्क बसवली तरी ती एक हातही आधी थांबणार नाही. मोठ्या ब्रेकचा फायदा एवढाच, की दहावा ब्रेकही पहिल्यासारखा लागतो. तेव्हा टायर झिजलेले किंवा जुने होऊन कडक पडलेले असतील तर पहिला खर्च टायरवर करावा. हे खरे सांगणाऱ्या मिस्त्रीचे आजचे बिल कदाचित लहान होईल, पण गिऱ्हाईक कायमचे राहील.

पहिली पायरी : ब्रेक ऑइल

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित वस्तू म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावा शिरला की त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश असतो, ओलावा शिरल्यावर तो १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल पोकळ होऊन तळाला जाते आणि चाकापर्यंत दाब पोहोचत नाही. आपल्याकडचा पावसाळा पाहता दोन वर्षांनी ऑइल बदलावेच. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीचे त्याहून लवकर बदलावे. एक सावधगिरी ठेवा. डॉट ५ हे सिलिकॉनचे ऑइल वेगळे आहे, ते डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये कधीही मिसळू नये. उघड्या डब्यात उरलेले ऑइल पुढच्या गाडीसाठी जपून ठेवू नये.

दुसरी पायरी : पॅड

साधे पॅड फार तापले की त्यातील चिकटवणारा राळेसारखा पदार्थ जळून वायू सोडतो आणि पॅड डिस्कवरून घसरू लागतो. पेडल कडक लागते, पण गाडी थांबत नाही. जास्त उष्णता सोसणारे पॅड हा त्यावरचा उपाय. मात्र निव्वळ शर्यतीचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, आवाज करतात आणि डिस्क लवकर खातात. सकाळी घरातून निघून पहिल्याच चौकात थांबायचे असेल तर ते उलट धोक्याचे. रोजच्या वापराच्या गाडीला मधल्या प्रतीचे पॅड योग्य. नवे पॅड घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा वेग कमी करून ते बसवून घ्यावेत, मग न थांबता थोडे चालवून थंड होऊ द्यावेत. हे काम करूनच गाडी मालकाच्या हाती द्यावी.

जाळीच्या स्टील नळ्या ही यानंतरची गोष्ट. जुन्या रबरी नळ्या दाबाने फुगतात, स्टील जाळीच्या फुगत नाहीत, म्हणून पेडल घट्ट लागते. थांबण्याचे अंतर त्याने फारसे कमी होत नाही.

शेवटची पायरी : मोठी डिस्क

१९५३ साली फ्रान्समधील ल मां येथे २४ तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जग्वार गाडी सरासरी ताशी १७० किमीने धावून पहिली आली. ड्रममधली उष्णता आतच कोंडते, डिस्कला वारा लागतो, हे जगाला तिथे दिसले. मोठी आणि पोकळ फटींची डिस्क उष्णता जास्त साठवते आणि लवकर सोडते. पण ती बसवताना नुसता आकार पाहून चालत नाही. चाकात जागा हवी. कॅलिपरचे पिस्टन मोठे झाले तर जुन्या मास्टर सिलिंडरला पेडल लांब जाते. आणि सर्वांत महत्त्वाचा तो पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल. मागची चाके पुढच्यांआधी जाम झाली तर गाडी गरकन फिरते. म्हणून त्या मॉडेलसाठी तपासून तयार केलेला पूर्ण संचच घ्यावा. एक भाग या गाडीचा, दुसरा त्या गाडीचा असा मेळ घालू नये. भोके पाडलेली डिस्क दिसायला देखणी असते, पण सतत तापून त्या भोकांपासूनच चिरा पडू शकतात. कॅलिपरला लाल रंग दिल्याने तर काहीच होत नाही.

जुनी डिस्क लेथवर घासताना तिच्यावर कोरलेली किमान जाडी पाहा. त्याखाली गेलेली डिस्क भंगारातच जावी, गाडीत नव्हे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. मूळ मापाचे चांगले पॅड, ताजे ऑइल आणि चांगले टायर यांत अडचण नाही. कॅलिपर आणि डिस्कचे माप बदलायचे असेल तर आधी आरटीओकडे विचारणा करावी आणि मालकाला विमा कंपनीशी बोलायला सांगावे. अपघातानंतर कागद शोधण्यात अर्थ नसतो. आणि ताशी १५०-२०० किमीची हौस ट्रॅकवरच भागवावी. पुणे-बंगळुरू महामार्गावर ट्रॅक्टर, दुचाक्या आणि पायी जाणारी माणसे असतात, हे गिऱ्हाइकाला सांगायला संकोच नको.

कारागिराची तब्येत आणि धंद्याची संधी

जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे आणि बाजारातून ते पूर्ण गेले असे धरून चालू नये. त्याची धूळ फुफ्फुसात जाऊन वर्षानुवर्षांनी जीवघेणा आजार होतो. म्हणून ड्रम-डिस्कवरची धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. गॅरेजमध्ये शिकायला आलेल्या पोराला हे पहिल्या दिवशी सांगा.

फौंड्री आणि लेथ चालवणाऱ्यांनीही इकडे लक्ष द्यावे. डिस्क राखाडी ओतीव लोखंडाची असते, कारण त्यातील ग्राफाइटच्या पापड्या उष्णता चटकन वाहून नेतात. हे लोखंड आणि हे कसब कोल्हापुरात आहे. पण डिस्कचा डगमग मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा लागतो. डायल लावून प्रत्येक नग तपासणारा आणि त्याची नोंद ठेवणारा कारखानदारच या बाजारात टिकतो.

आमचे सांगणे थोडक्यात असे : आधी टायर, मग ऑइल, मग पॅड, मग नळ्या आणि अगदी शेवटी डिस्क. प्रत्येक पायरीनंतर गाडी स्वतः चालवून पाहा आणि काय बदलले ते बिलावर लिहून द्या. इंजिनाचे काम बिघडले तर गाडी रस्त्यात उभी राहते. ब्रेकचे काम बिघडले तर ती उभीच राहत नाही. एवढा फरक लक्षात ठेवूनच पान्याला हात घालावा.