लोखंडांतील कर्ब व शेतीचीं हत्यारें

एकाच वजनाचीं व एकाच घडणीचीं दोन खुरपीं घेतलीं, तरी एकाची धार हंगामभर टिकते व दुसऱ्याची चार दिवसांत वळते. दोष लोहाराच्या माथीं मारला जातो. परंतु मूळ कारण पुष्कळदां धातूंतच असतें.

आपण वापरतों त्या लोखंडांत थोडाफार कर्ब, म्हणजे कोळशाचें मूलद्रव्य, मिसळलेला असतो. शंभर भागांत तो 0.1 भागाहून कमी असल्यास तें नरम घडीव लोखंड होय. सुमारें 0.3 भागापर्यंत नरम पोलाद, 0.3 ते 0.6 पर्यंत मध्यम पोलाद, व त्यापुढें सुमारें 1.5 पर्यंत कडक पोलाद समजावें. 2 भागांच्या वर, बहुधा 3 ते 4 भाग कर्ब असलेलें तें बीड. म्हणजे शंभर किलोंत अर्ध्या किलोच्या फरकानें धातूचा स्वभावच पालटतो.

नरम पोलाद वांकतें, पण सहसा तुटत नाहीं. म्हणून गाडीची धाव व साखळी त्याची करावी. तें लाल तापवून पाण्यांत बुडविलें तरी फारसें कठीण होत नाहीं. अधिक कर्बाचें पोलाद तसें एकदम विझविल्यास कर्ब आंतच कोंडला जातो, व धातु कठीण पण ठिसूळ होतो. म्हणून लोहार तें पुन्हां हलकें तापवितो. घासलेल्या भागावर प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा व शेवटीं निळा रंग चढतो. पिवळ्यावर थांबल्यास कठीणपणा अधिक राहतो, निळ्यावर चिवटपणा. दगडाशीं गांठ पडणाऱ्या कुदळीस चिवटपणाच हवा.

बीड ओतण्यास सोपें व दाब सोसणारें, परंतु घणाखालीं फुटतें. बिडाचा फाळ मोडल्यास तो गांवच्या भट्टींत ठोकून जोडतां येत नाहीं, नवाच बसवावा.

पारख सोपी आहे. फिरत्या सहाणेच्या चाकावर तुकडा टेकवावा. नरम पोलादाच्या ठिणग्या लांब व सरळ जातात. कर्ब जसा वाढेल तशा त्या आंखूड होऊन फुलबाजीप्रमाणें फुटतात. बांधकामाच्या सळईंत कर्ब साधारणपणें 0.3 टक्क्यांच्या आंतच असतो. तिचा विळा धार धरीत नाहीं. ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यांत तो सुमारें 0.5 ते 0.6 टक्के असतो, म्हणून हत्यारास तो उत्तम. मात्र त्यांत इतर धातूंचीही भेसळ असल्यानें तो तेलांत विझवावा. पाण्यांत तडा जाण्याची भीति असते.

यास्तव हत्यार घडविण्यास देतांना मजुरीची घासाघीस करण्याआधीं धातु कोणता, हें विचारावें. चुकीच्या धातूवर केलेली मजुरी कितीही स्वस्त असली तरी ती वायांच जाते.