रिपोर्ट नॉर्मल, वय अठ्ठ्याहत्तर

म्हाताऱ्या माणसाचे डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शौच फिकट होऊ लागलं, अंगाला खाज सुटली, पण पोट मात्र दुखत नाही. अशा वेळी झाडपाल्याच्या औषधात महिना घालवू नये. न दुखणारी कावीळच जास्त संशयास्पद असते, कारण पित्तनलिकेत गाठ होऊन पित्ताची वाट अडलेली असू शकते.

पित्तमार्गाचा कर्करोग मुख्यतः उतारवयाचा. खडे आणि जुनाट सूज यांमुळे आतलं अस्तर वर्षानुवर्षं झिजतं, पुन्हा तयार होतं आणि दर वेळी पेशींमधल्या जनुकीय चुका साठत जातात. निदान होईतो बहुतेकांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते. उरते केमोथेरपी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, ४१० रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत जेमसिटाबिनला सिस्प्लॅटिनची जोड दिल्यावर मध्यक आयुष्य ८.१ महिन्यांवरून ११.७ महिन्यांवर गेलं. ही जोडी जगभर रूढ झाली. मात्र सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना इजा करतं, म्हणून चाचणीत घेतले होते ते मूत्रपिंडं धड असलेलेच रुग्ण.

खरी गोम इथेच आहे. समजा, ७८ वर्षांच्या, ४० किलोच्या आजींचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम जोखणारा रक्तातला आकडा, ०.९ आलं. रिपोर्टवर ‘नॉर्मल’. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि आजींच्या अंगावर स्नायू उरलेत कुठे? वय आणि वजन धरून कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केला, तर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला जेमतेम ३३ मिलिलिटर निघते. त्याच ०.९ वर ३८ वर्षांच्या, ६० किलोच्या बाईची ८० भरते. सिस्प्लॅटिनसाठी साधारण ५० तरी लागते. शिवाय त्याच्याबरोबर भरपूर सलाईन चढवावं लागतं, ते थकलेल्या हृदयाला झेपत नाही.

याचा अर्थ आजींना उपचारच नकोत, असा मुळीच नाही. पित्तनलिकेत स्टेंट (नळी) घालून कावीळ उतरवता येते, एकटं जेमसिटाबिन देता येतं. आणि रोज शेतावर जाणाऱ्या ठणठणीत आजोबांना निव्वळ जन्मसाल बघून परत पाठवणं, हाही अन्यायच.

मग ठरवायचं कसं? अमेरिकेत सत्तरीपुढच्या, विविध कर्करोगांच्या रुग्णांवरची एक चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. चालणं, स्मरणशक्ती, आहार, घरचा आधार यांची तपासणी करून डॉक्टरांना सल्ला दिला, तेव्हा गंभीर दुष्परिणाम ७१ टक्क्यांवरून ५१ वर आले; आयुष्य घटलं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही ज्येष्ठ रुग्णांसाठी असा स्वतंत्र दवाखाना आहे. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. गुडघेदुखीच्या तर हमखास, कारण त्यांतल्या बऱ्याच मूत्रपिंडांवरच घाला घालतात.