हँडलवरचे यंत्र आणि हँडलवरचा हात

शहापूरहून मुरबाडकडे निघालेला रस्ता सापगावजवळ भातसा नदी ओलांडतो. भातसा धरणाचे दरवाजे उघडण्याची वेळ आली की प्रशासन ज्या ठिकाणांना सावध करते, त्यांत सापगावच्या पुलाचा उल्लेख नेहमीचा आहे. या दोन तालुक्यांच्या पेठांतील माल किन्हवली, डोळखांब, धसई, टोकावडे अशा गावांतील छोट्या दुकानांपर्यंत जातो. माल टेम्पोने जातो; परंतु मागणी नोंदवणे, नमुने दाखवणे आणि उधारीची वसुली करणे ही कामे आजही दुचाकीवरच होतात.

मागील पिढीतील व्यापाऱ्याला या भागाचा नकाशा तोंडपाठ असे. अमुक वडापाशी उजवीकडे, शाळेच्या मागून पाड्याकडे, ही त्याची खूण. आता पेढीवर नव्याने आलेला मुलगा किंवा बाहेरगावचा विक्री प्रतिनिधी या खुणांवर चालत नाही. तो मोबाइलमधील नकाशावर चालतो. त्यात वावगे काहीच नाही. वावगे आहे ते हे की, तो मोबाइल बहुधा सदऱ्याच्या खिशात असतो आणि प्रत्येक फाट्यावर हातात येतो. फाट्यावर गाडी थांबवून मार्ग पाहणारे थोडे. चालत्या गाडीवर डाव्या हाताने मोबाइल काढून उजव्या हाताने गाडी सांभाळणारे पुष्कळ. त्यातच सूर्यास्तापूर्वी घरी पोचून चौविहार सांभाळायचा असेल, तर सायंकाळच्या परतीच्या प्रवासात ही घाई अधिकच वाढते.

थोडा हिशेब मांडून पाहावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते. मोबाइलच्या पडद्यावर दोन सेकंद नजर गेली, तर २२ मीटर, म्हणजे जवळजवळ दोन एसटी गाड्यांच्या लांबीइतका रस्ता न पाहता पार होतो. पावसाळ्यात त्या २२ मीटरमध्ये खड्डा, गुरे, चिखल यांपैकी काहीही असू शकते.

कायद्याची भूमिकाही याला धरूनच आहे. वाहन चालवताना हातातील संपर्कसाधनाचा वापर केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि तोही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने करता येतो, अशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे. या मर्यादेबाहेरील वापर धोकादायक वाहनचालनात मोडतो. पहिल्या गुन्ह्यासाठी १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा दोन्ही शिक्षा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ मध्ये सांगितल्या आहेत. तात्पर्य, नकाशा पाहायचा असेल तर यंत्र हातात नको, गाडीवर पक्के बसवलेले हवे.

येथे ‘पक्के’ या शब्दाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बाजारात शे-दीडशे रुपयांपासून काही हजारांपर्यंतचे होल्डर मिळतात. तीस-चाळीस हजारांची वसुली आणणाऱ्या माणसाच्या गाडीवर सर्वांत स्वस्त होल्डर लावणे हा व्यापारी शहाणपणा नव्हे. मोबाइल फुटला तर नुकसान पैशांचे होते आणि ते भरून निघते. खरा धोका वेगळाच आहे. खड्ड्यात गाडी आदळून मोबाइल होल्डरमधून निसटू लागला की चालकाचा हात विचार करण्यापूर्वीच तो पकडायला झेपावतो. तो हात नेमका ब्रेकचा किंवा क्लचचा असतो. म्हणून होल्डर निवडताना मोबाइलपेक्षा त्या हाताचा विचार आधी करावा.

होल्डरचे दोन भाग असतात. एक भाग हँडलला धरतो, दुसरा मोबाइलला. हँडलला धरणारा भाग म्हणजे क्लॅम्प. आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींच्या हँडलचा व्यास मुठीजवळ २२ मिलिमीटर असतो. काहींचे हँडल मध्यभागी जाड, सुमारे २८ मिलिमीटरचे असते. खरेदीस जाण्यापूर्वी हँडलभोवती दोरा गुंडाळून घेर मोजावा. घेर ६९ मिलिमीटर भरला तर व्यास २२ आहे असे समजावे. क्लॅम्प किंचित मोठा असेल तर आतून रबराची पट्टी देतात. ती होल्डरसोबत मिळते, नाहीतर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडाही चालतो. रबराशिवाय धातूवर धातू कितीही आवळला तरी तो हळूहळू फिरतोच. क्लॅम्पचा बोल्ट एल-आकाराच्या चावीने आवळावा, हाताने फिरवायच्या प्लास्टिकच्या मुठीवर विसंबू नये. नट आतून नायलॉनची कडी असलेला घेतला तर कंपनाने सैल होत नाही.

स्कूटरचे हँडल प्लास्टिकच्या आवरणात झाकलेले असते, त्यामुळे तेथे क्लॅम्पला जागाच नसते. अशा गाडीवर आरशाच्या दांडीच्या बुडाशी बसणारा होल्डर घ्यावा. आरसा काढून, त्याखाली होल्डरची पट्टी ठेवून आरसा पुन्हा आवळायचा, इतकेच काम आहे. मात्र काही गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. जोर लावण्याआधी फिटरला विचारलेले बरे, अन्यथा आटेच झिजतात. आणि मागचे वाहन दिसणे हे आरशाचे मूळ काम आहे. होल्डर लावल्यानंतर आरसा पुन्हा नीट वळवून घ्यावा.

मोबाइलला धरणारा भाग चारही कोपऱ्यांतून धरणारा असावा. केवळ स्प्रिंगच्या जबड्यावर चालणारे होल्डर शहरातील गुळगुळीत रस्त्यावर ठीक असतात. ग्रामीण रस्त्यावर स्प्रिंग प्रत्येक हादऱ्याला क्षणभर उघडते. स्क्रूने आवळला जाणारा, चार पंजांचा आणि वरून रबरी जाळी येणारा होल्डर अधिक भरवशाचा. त्याहून एक साधी गोष्ट म्हणजे मोबाइलच्या कव्हरला बांधलेली आखूड दोरी, जिचे दुसरे टोक हँडलला असते. होल्डरने दगा दिला तरी मोबाइल लोंबकळत राहतो आणि हाताला धाव घ्यावी लागत नाही.

जागा कोणती, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. यंत्र हँडलच्या मध्याजवळ बसवावे. हँडल मध्यभागी घट्ट धरलेले असते, म्हणून तेथे थरथर कमी आणि टोकांकडे जास्त. होल्डरची मान आखूड घ्यावी. मान जितकी लांब, तितका हादरा मोठा होऊन मोबाइलपर्यंत पोचतो. वेगदर्शक, इंडिकेटरचा दिवा आणि हॉर्नचे बटण झाकले जाऊ नये. बसवून झाल्यावर गाडी उभी असतानाच हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहावे. होल्डर टाकीला टेकत असेल किंवा चार्जिंगची वायर ताणली जात असेल, तर ऐन वळणावर अडचण होणार हे निश्चित. ही एका मिनिटाची तपासणी दुकानदार करून देत नाहीत, ती स्वतःच करावी लागते.

कंपनाचा आणखी एक परिणाम अनेकांना ठाऊक नसतो. ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर सूचना दिली की, जास्त शक्तीच्या मोटारसायकल इंजिनांची कंपने हँडलमार्गे आयफोनपर्यंत दीर्घकाळ पोचली, तर त्याच्या कॅमेऱ्याची कार्यक्षमता घटू शकते. कॅमेऱ्यातील भिंग हात हलला तरी चित्र स्थिर राहावे म्हणून सूक्ष्म यंत्रणेवर तरंगते ठेवलेले असते आणि तीच यंत्रणा या थरथरीने बिघडते. मोपेड-स्कूटरसारख्या लहान गाडीवरही कंपन शोषणारा होल्डर वापरावा, असे त्या सूचनेत म्हटले आहे. कंपन शोषण्यासाठी होल्डर आणि क्लॅम्प यांच्यामध्ये रबराच्या किंवा सिलिकॉनच्या गुंड्या असलेला जोड मिळतो. भारी मोबाइल हँडलवर नेण्यापेक्षा घरातील जुना, साधा मोबाइल या कामास नेमणे हा त्याहून स्वस्त उपाय. उपग्रहांचे संकेत जुना मोबाइलही घेतोच.

पावसाळ्यात पाणबंद पिशवी सर्रास वापरली जाते. ती उपयोगी खरी, पण उन्हात तीच पिशवी मोबाइलला भाजून काढते आणि फार तापला की मोबाइल आपोआप मंदावतो किंवा बंद पडतो. जोरदार सरीत पडद्यावरील थेंबांना यंत्र बोटाचा स्पर्श समजते आणि नकाशा भलतीकडेच सरकतो. म्हणून मार्ग निघण्यापूर्वीच ठरवून, आवाजी सूचना सुरू करून पडदा कुलूपबंद ठेवावा. ओल्या छिद्रात चार्जरची वायर घालू नये.

चार्जिंगसाठी बॅटरीतून थेट वायर न घेता चावी फिरवल्यावरच वीज मिळणाऱ्या मार्गावरून घ्यावी आणि मध्ये फ्यूज घालावा. वायर कापून जोड देण्याऐवजी कप्लर वापरणारा वायरमन पाहावा. कापलेल्या वायरिंगमुळे कंपनीची हमी नाकारली जाऊ शकते.

यंत्र घट्ट बसले म्हणजे मार्ग बिनचूक झाला, असे मात्र नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संकेत पाठवतात आणि मोबाइल ते केवळ ऐकतो. त्यासाठी मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. मोकळ्या आकाशाखाली आपण कोठे आहोत हे सुमारे पाच मीटरच्या फरकाने कळते. भारताच्या स्वतःच्या ‘नाविक’ यंत्रणेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला गेला आणि अलीकडचे काही मोबाइल तिचेही संकेत घेतात. परंतु नकाशाचे चित्र इंटरनेटवरून येते. डोंगराआड नेटवर्क गेले की ठिपका राहतो आणि रस्ते नाहीसे होतात. त्यावर उपाय सोपा आहे. शहापूर व मुरबाड तालुक्यांचा नकाशा घरीच उतरवून मोबाइलमध्ये साठवून ठेवावा.

आणि नकाशाला पाणी दिसत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार नकाशाने दाखवलेल्या मार्गाने रात्री पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली. चालक बुडाला, दोघे पोहून वाचले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील अपुऱ्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे दगावले. सापगावचा पूल असो वा आतील एखादी मोरी, पावसाळ्यात पडद्यावरील निळी रेघ ही केवळ सूचना मानावी. धरणातून पाणी सोडल्याची बातमी असेल त्या दिवशी पेढीवरून फेरीच पुढे ढकलावी.

जीपीएस म्हणून विकले जाणारे दुसरे यंत्र म्हणजे गाडी कोठे आहे हे मालकाला कळवणारा ट्रॅकर. प्रवासी वाहतुकीच्या मोठ्या वाहनांना असे यंत्र नियमाने बसवावे लागते. दुचाकींना त्या नियमातून वगळले आहे, म्हणजे येथे निर्णय मालकाचा. याच्या बसवणीचे तत्त्व नेमके उलट. नकाशाचे यंत्र दिसले पाहिजे, ट्रॅकर दिसता कामा नये. सीटखाली, प्लास्टिकच्या आवरणाआड त्याची जागा. संकेत प्लास्टिकमधून येतात, लोखंडातून नव्हे. म्हणून टाकीच्या खाली किंवा पत्र्याच्या पेटीत तो बसवू नये आणि त्याची संकेत घेणारी बाजू आकाशाकडे ठेवावी. सायलेन्सरची उष्णता आणि मागील चाकाचे पाणी यांपासूनही तो दूर हवा. नुसती दुहेरी चिकटपट्टी उन्हाळ्यात सुटते. जोडीला दोन केबल टाय बांधावेत.

ट्रॅकर गाडी बंद असतानाही थोडी वीज खातो. समजा तो २० मिलिअँपिअर घेतो आणि बॅटरी तीन अँपिअर-तासांची आहे. तर १५० तासांत, म्हणजे सहा दिवसांत ती कागदोपत्री रिकामी होते आणि गाडीचा सेल्फ त्याच्या कितीतरी आधी बंद पडतो. पर्युषणात आठ दिवस गाडी उभी राहिली आणि नवव्या दिवशी सुरू होईना, तर दोष गाडीचा नसून या हिशेबाचा असतो. इंजिन बंद होताच झोपी जाणारे यंत्र घ्यावे.

नोकराच्या गाडीवर ट्रॅकर बसवताना त्याला सांगूनच बसवावा आणि गाडी त्याच्या मालकीची असेल तर लेखी संमती घ्यावी. कामाच्या वेळेनंतर त्याच्या फिरण्याचा माग ठेवण्याचे पेढीला कारण नाही. चोरून ठेवलेली पाळत एक दिवस उघड होते आणि मग दहा वर्षांचा विश्वासू माणूस दुसऱ्या पेढीवर जातो.

एवढा खर्च करूनही एक धोका उरतो आणि तो बहुधा पेढीवरूनच येतो. गाडी चालू असताना ‘कुठपर्यंत आलास?’ म्हणून दुकानातून फोन केला जातो. त्या क्षणी होल्डरमधील पडद्यावरचा नकाशा झाकला जातो, शेठजींचे नाव दिसते आणि हात हँडलवरून सुटतो. मालकाचा फोन टाळण्याची हिंमत नव्या मुलाला होत नाही. ट्रॅकर असेल तर हा प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. गाडी किन्हवलीच्या बाजारात उभी असल्याचे पेढीवरच दिसते. मागणीत दोन पोती साखर वाढवायची असेल तर फोन तेव्हा करता येतो.