चाळीस गुंठ्यांचा खेळ

मागच्या पिढ्यांतील मंडळींस पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे मुखोद्गत असत. रुपयाचे सोळा आणे होते तोंवर बाजारांत त्यांचा नित्य उपयोगही होई. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं आलीं आणि हे पाढे घराघरांतून मागें पडले. अपूर्णांक उरले ते पाटीवरच्या अंश-छेदांत. आठ हे चारांहून अधिक, तेव्हां आठवा हिस्साही पावाहून मोठा, असें एरव्हीं हुशार असलेलें मूलही बिनदिक्कत सांगतें, याचें कारण हेंच.

पोळीचे तुकडे दाखवून हें समजावण्याची रीत आहे, व ती वाईट नाहीं. परंतु तुकडे पाहणें निराळें आणि त्यांवर आपली हारजीत अवलंबून असणें निराळें. अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील मुलांस तर पोळीइतकेंच परिचयाचें दुसरें साधन आहे, तें म्हणजे शेत. राहात्याचा ऊस असो वा पारनेरचें जिराईत रान असो, सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिले तरी बोलण्यांत एकर आणि गुंठेच येतात. एकराचे गुंठे ४०. आणि ४० ला २, ४, ५, ८, १० व २० या सर्वांनीं पुरा भाग जातो.

पुठ्ठ्यावर आठ उभ्या व पांच आडव्या रांगांचे ४० चौकोन आंखावे. हा झाला एक एकर. दोघां मुलांस असा एकेक पट व चाळीस-चाळीस चिंचोके द्यावे. अर्धा, पाव, पांचवा, आठवा, दहावा, विसावा व चाळिसावा हिस्सा असे पत्ते, प्रत्येकी चार, तयार करून पालथे ठेवावे. मुलानें पत्ता उचलावा, एकराच्या तेवढ्या हिश्शाचे गुंठे किती तें आधीं तोंडानें सांगावें आणि मगच चिंचोके मांडावे. उत्तर चुकलें, अथवा हिस्सा उरलेल्या जागेंत मावला नाहीं, तर पाळी गेली. ज्याचा एकर आधीं बरोबर भरेल तो जिंकला.

आधीं सांगण्याचा नियम शिक्षकानें कधींही सैल करूं नये. त्यावांचून हा खेळ केवळ चिंचोके मोजण्याचा होईल. पावाचे १० व आठव्या हिश्शाचे ५ गुंठे एकदां स्वतः मांडले म्हणजे कोणता मोठा हें मुलास सांगावें लागत नाहीं. पुढें २४ चौकोनांचा पट घ्यावा. त्यावर पावाचे ६ होतात, आणि ‘पाव खरा, पण कशाचा?’ हा प्रश्न मूल आपण होऊन विचारूं लागतें.

शेवटीं ४० चौकोनांच्या पटावर एक एकर तिघां भावंडांत वांटण्यास सांगावें. त्यांत एक बहीण अवश्य असावी; २००५ सालच्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीचा हक्क मुलाइतकाच ठरला आहे. प्रत्येकास १३ गुंठे मिळून एक उरतो. चिंचोका कांहीं तिघांत वांटतां येत नाहीं. म्हणून त्या शेवटच्या चौकोनाचे पेन्सिलीनें तीन सारखे भाग मुलांकडूनच करवावे. याच उरल्या गुंठ्यावरून सख्खीं भावंडें कचेरीच्या पायऱ्या चढतात. तो नीट वांटण्याची संवय मुलांस वर्गांतच लागावी, असें आम्हांस वाटतें.