युरिया देऊनही भुईमूग पिवळा का?

पिकाच्या प्रत्येक सजीव पेशीत प्रथिने घडविण्याचे काम चालू असते. कोणते प्रथिन घडवावयाचे याची आज्ञा पेशीकेंद्रातील डीएनएमध्ये असते. तिची आरएनएरूपी नक्कल रायबोसोम नावाच्या सूक्ष्म कणांकडे जाते. तेथे २० प्रकारची अमिनो आम्ले, माळेत मणी ओवावेत तशी, क्रमाने जोडली जातात.

माळेचा आरंभ मेथिओनिन या मण्याने होतो आणि त्यात गंधक असते. नत्र सर्वच मण्यांना लागते. गंधक मेथिओनिन व सिस्टीन या दोहोंनाच. परंतु हे दोन नसतील तर उरलेले अठरा असूनही माळ पुरी होत नाही. नत्र पानात तसेच साठते, आणि शेतकरी मात्र पिवळेपणा पाहून आणखी युरिया टाकतो!

नत्र कमी पडल्यास खालची जुनी पाने प्रथम पिवळी पडतात, गंधक कमी पडल्यास शेंड्याची कोवळी. कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भागच पिवळा दिसल्यास लोहाची उणीव समजावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही खूण शेतावरच दाखवावी.

डीएपीत गंधक नसते. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे ११ टक्के असते. आऱ्या सुटताना जिप्सम दिल्यास गंधकासोबत शेंगांस कॅल्शियमही मिळते.